बीपी माझं, बाकी सगळं हिचं

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, राग आला की तोंड उघडू नका, वही उघडा. म्हणून ही वही. दुकानातून आणली हिने, पेन शोधून दिलं हिने, पहिल्या पानावर तारीखही हिनेच घातली. लिहायचे कष्ट तेवढे माझ्या वाट्याला आले.

डॉक्टरांचं म्हणणं असं की गोळी तिचं काम करते, पण माझं तोंड ते पुन्हा बिघडवतं. हा माणूस दिवसभर गार खोलीत बसून लोकांच्या दंडाला पट्टे गुंडाळतो. त्याने एकदा माझ्या सीटवर बसून बघावं. मी ड्रायव्हिंग शिकवतो. रोज नवनवी माणसं मला ठार मारायचा प्रयत्न करतात आणि वर त्याची फी देतात. माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे म्हणून मी अजून हयात आहे. घरी सोफ्यावर बसूनसुद्धा टीव्हीत गाडी दिसली की माझा उजवा पाय जमिनीत घुसतो. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा येऊन विचारलं होतं, वर काही कुटता का.

पुढच्या महिन्यात अठरा तारखेला माझी वैद्यकीय तपासणी आहे. बीपी मर्यादेच्या वर निघालं तर शिकवायचा परवाना गेला. मग मी घरी बसणार, आणि मी घरी बसणं ही काय चीज आहे हे मलाच सहन होणार नाही. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, "होईल सगळं नीट. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका."

तीन वर्षांपूर्वी माझं बीपी निघालं तेव्हापासून आमच्या घराला शिस्त लागली आहे. टीव्हीचा आवाज कमी. वाईट बातमी जेवणाआधी सांगायची नाही, जेवणानंतरही नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे फोन हिने घ्यायचे, कारण फोन म्हणजे तक्रारी. माझी थोरली बहीण रोज चार वाजता फोन करते, तोही हीच घेते, कारण ताईशी पाच मिनिटं बोललो की मला संध्याकाळची गोळी दुपारीच लागते. एकूण काय, मला घरात कसला म्हणून त्रास नाही. असं घर मिळायला नशीब लागतं.

७ फेब्रुवारी

नवी शिकाऊ आली. दातांची डॉक्टर आहे. लोकांच्या जबड्यात सुई खुपसताना तिचा हात हलत नाही म्हणे, पण स्टिअरिंग धरलं की बाई थरथरायला लागते. चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद. चालू केली, परत बंद. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. मी अगदी शांतपणे एवढंच विचारलं, की बाई, दात उपटतानाही अशाच अर्ध्यात बंद पडता का.

तिने गाडी बाजूला घेतली. तेवढी मात्र झकास घेतली. मला वाटलं आता रडणार. तर म्हणते, "तुमच्या मिसेसनी आधीच सांगून ठेवलंय मला. म्हणाल्या, ते ओरडले तर मनावर घेऊ नका, घरी जाऊन मला फोन करा, माझ्यावर ओरडून घ्या."

मी ओरडलोच नव्हतो. आणि शिकाऊंनी हिला फोन करून ओरडायचं हे कधी ठरलं, कोणी ठरवलं? संध्याकाळी विचारलं तर ही म्हणाली, "काही नाही हो, गंमत केली असेल त्यांनी." दातांच्या डॉक्टरांना गंमत कळते हे मला आजच कळलं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी असते. मीठ मला बंद आहे. पण पुडी काही आजची नाही, ती फेकणं म्हणजे अन्नाचा अपमान. म्हणून संपवली.

११ फेब्रुवारी

सकाळी वरचा आकडा एकशे अडुसष्ट. मी गोळी घेतलेली, रात्री झोप लागलेली, कोणाशी बोललेलो नव्हतो. म्हणजे मशीनच खोटं बोलतंय. आता हे सिद्ध कसं करायचं? तराजू खरा की खोटा हे बघायला दुकानदार खात्रीचं वजन ठेवून बघतो. मीही तेच केलं. घरात खात्रीचं माणूस एकच. हिचा आवाज मी लग्न झाल्यापासून चढलेला ऐकलेला नाही. दूध उतू गेलं तरी ती दुधाला काही बोलत नाही.

ती फोनवर ताईचं ऐकत होती. मी तिचा मोकळा हात ओढला आणि पट्टा गुंडाळला. आकडा आला एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे बारा.

मी इतका हसलो की ताईने पलीकडून विचारलं, काय झालं. हिच्यासारख्या गायीला एकशे अठ्ठ्याण्णव दाखवणारं मशीन मला एकशे अडुसष्ट दाखवतंय, म्हणजे माझं खरं किती असेल याचा हिशेब करा. मी तर तरुण निघालो. हिने फोन मानेत धरून एका हाताने पट्टा सोडवला आणि म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते? मशीनच बिघडलंय. उगाच जिवाला लावून घेता."

१२ फेब्रुवारी

मशीन घेऊन दुकानात गेलो. दुकानदार पोरसवदा आहे, पण ऐट वकिलाची. त्याने आधी स्वतःचं बीपी मोजलं, व्यवस्थित निघालं. मग माझं मोजलं, नको तेवढं निघालं. म्हणाला, "काका, मशीन ठणठणीत आहे."

मी हिचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "मग काकूंना दाखवा डॉक्टरांना."

मी म्हटलं, बाबा रे, काकूंना एकदा बघ आणि मग बोल. ज्या बाईला नवऱ्याचा राग येत नाही, नणंदेचा येत नाही, तिला बीपी कुठून येणार? आकाशातून पडणार? तो म्हणाला, तसं नसतं. मी म्हटलं, तसंच असतं, मी तीन वर्षं बीपी पाळतोय, मला सांगू नकोस. बराच वेळ वाद झाला. शेवटी त्याच्या कानशिलाची शीर फुगली आणि त्याने मशीन बदलून दिलं. येताना मला फार हलकं वाटलं. राग बाहेर काढल्याने बीपी उतरतं, हे डॉक्टरांना कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कन्या आली. हा सलग तिसरा शनिवार. लग्नानंतर इतकी ओढ पहिल्यांदाच बघतोय. या वेळी मोठी बॅग घेऊन आली. जावईबापू हल्ली कामात बुडालेले असतात म्हणे, त्यांना यायला जमत नाही. मला तो माणूस पहिल्यापासून कष्टाळू वाटतो.

मायलेकी दुपारभर स्वयंपाकघरात होत्या. दार लावलेलं, आत नळ सोडलेला. मी पाणी प्यायला गेलो तर कन्येचे डोळे लाल. "कांदा चिरत होते, बाबा," म्हणाली.

रात्री जेवणात कांदा कशातच नव्हता. पण मी काही बोललो नाही. पूर्वीचा मी असतो तर कांदा गेला कुठे यावरून रण माजवलं असतं. डॉक्टरांना सांगायला हवं, मी किती सुधारलोय.

१९ फेब्रुवारी

बीपीवाल्या माणसाला जगात फुकट सल्ले सोडून काही मिळत नाही. सकाळच्या फिरण्यातल्या मंडळींनी मला हसायच्या क्लबात ओढलं. तिथे निवृत्त माणसं वर्तुळात उभी राहून काही विनोद नसताना हसतात. मला दोनच मिनिटांत खरा राग आला. मग एकाने सांगितलं, दुधीचा रस प्या. दुसऱ्याने सांगितलं, समुद्राच्या लाटांचा आवाज ऐका. तो ऐकला तर रात्रभर लघवीला उठत होतो.

शेवटी श्वासाचा प्रयोग केला. चार मोजून घ्यायचा, सात मोजून धरायचा, आठ मोजून सोडायचा. धरलेला असताना तोंड उघडायचं नाही. दातांच्या बाईला रिव्हर्स शिकवत असताना तो सुरू केला. मी पाचावर होतो तेव्हा आरशात नगरपालिकेचा कचऱ्याचा डबा दिसला. सहावर तो मोठा झाला. मला बोलायचं होतं, पण नियम म्हणजे नियम. साताला आम्ही डब्यात होतो, किंवा डबा आमच्यात. पाय ब्रेकवर गेला कसा नाही, हे मलाही कळलं नाही. सगळं लक्ष नाकाकडे होतं.

माणसं जमली. नगरपालिकेचा माणूस आला. मी घरी फोन लावून त्याला हिच्याशी जोडून दिलं आणि पुढे अर्धा तास तिने काय ते बघितलं. मी बाकावर बसून उरलेले आठ मोजले.

२४ फेब्रुवारी

हिच्या नाकातून रक्त आलं. कपडे वाळत घालता घालता. माझा धुतलेला पांढरा सदरा वाया गेला. ऊन तापायला लागलंय, अजून तीन महिने असंच राहणार.

दुपारी ती अंधार करून पडली होती. मागून डोकं धरलंय म्हणाली. हल्ली हे फार होतं. मी तिला उठवलं नाही, चहा स्वतः करायला घेतला. साखर काही सापडेना. तीन डबे उघडले, चौथ्यात मिरे. हाक मारली तर ती उठून आली, काढून दिली आणि परत जाऊन पडली. चहा बरा झाला होता. तिला नेऊन द्यायचं लक्षात आलं तोवर मीच दोन्ही कप प्यायलो होतो.

२८ फेब्रुवारी

नव्या मशीनवरही माझं एकशे साठच्या खाली येईना. अठरा तारीख डोळ्यांसमोर नाचतेय. परत खात्रीचं वजन ठेवून बघितलं. ही बाजारातून आली होती, पिशव्या खाली ठेवतच होती. पट्टा लावला. दोनशे चार.

या वेळी मला हसू आलं नाही. एक मशीन बिघडेल, दोन कशी बिघडतील? मी तसा तिच्याकडे बघत राहिलो. थोडी सुजल्यासारखी वाटली, डोळ्यांखाली. तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, मी आत्ता जिना चढून आलेय, हातात ही एवढी ओझी. माझं मोजून काय होणार आहे? परवाना तुमचा जायचाय. द्या इकडे हात." आणि माझाच दंड धरून पट्टा लावला. एकशे अठ्ठावन्न. ती म्हणाली, "बघा, उतरतंय."

खरंच उतरत होतं. मग बाकीचं डोक्यातून गेलं.

८ मार्च

दातांची बाई आता हात न थरथरता चढावर गाडी उचलते. माझ्याच शिकवण्याचा गुण. पण बाईला आपली पायरी कळत नाही. परत येताना म्हणाली, "काकूंशी परवा बोलत होते फोनवर. बोलता बोलता मध्येच थांबल्या. एक साधा शब्द त्यांना सापडेना, आणि मग बोलल्या ते जड जिभेने. दोन-तीन मिनिटांनी ठीक झाल्या. मी त्यांना म्हटलं होतं, दाखवून घ्या. तुम्हाला सांगितलं का त्यांनी?"

नाही सांगितलं. मला राग आला. माझ्या बायकोची जीभ ही दातवाल्यांच्या हद्दीत येते का? "तुम्ही क्लचकडे बघा," म्हटलं.

तरी घरी येऊन हिला विचारलं. "फोन खरखरत होता," ती म्हणाली. मी म्हटलं, बाई डॉक्टर आहे, उगाच कशाला म्हणेल. "दातांची आहे," ती म्हणाली. मला तिचं पटलं. मी पण तेच म्हटलं होतं.

आज सहावा शनिवार असेल बहुतेक, कन्या परत मुक्कामाला. मी मोजायचं सोडून दिलं. तिचे बरेच कपडे आता इथल्याच कपाटात असतात.

१३ मार्च

एकशे अडतीस. तीनदा मोजलं. मशीनने शब्द फिरवला नाही.

मी आता हे नोंदवून ठेवतो, कारण कधी ना कधी कोणीतरी विचारेल की तुम्ही हे कसं साधलंत. साधलं ते मनोनिग्रहाने. घरात एकही कटकट मी अंगाला लावून घेत नाही. फोन घेत नाही. बातम्या बघत नाही. कोणी रडत असलं तर दुसऱ्या खोलीत जातो. गोळी वेळेवर, कारण ती पाण्याच्या पेल्यासकट समोर येते. शेंगदाणे कमी केले. माणसाने ठरवलं तर काहीही अवघड नाही.

ही हल्ली लवकर दमते. दोन जिने चढायला मध्ये थांबते. वय झालं आता. मी तिला म्हटलं, तूही माझ्यासारखं जरा मनाला लावून घेणं सोड. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, अठराला मी येते तुमच्याबरोबर.

१८ मार्च

तपासणीच्या खोलीत हिरवी लाकडी बाकं, भिंतीवर डोळे तपासायचे तक्ते, आणि एक नर्स, जी प्रत्येकाला "बोलू नका, पाय सरळ ठेवा" एवढंच सांगत होती. माझं निघालं एकशे छत्तीस. शिक्का बसला. मला त्या नर्सच्या पाया पडावंसं वाटलं.

आनंदात माणूस वाह्यात होतो. मी म्हटलं, "सिस्टर, आता हिचंही बघून टाका. आमच्याकडची दोन मशीनं हिच्यावर बिघडली, तुमचं टिकतं का बघू."

ही नको नको म्हणत होती. नर्स हसत हसत उठली आणि हिच्या दंडाला पट्टा लावला. मग हसायची थांबली. दुसऱ्या दंडाला लावला. आत गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी आपल्या हाताने, कानात नळी घालून मोजलं.

मी विचारलं, तुमचंही बिघडलं का. कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी हिला विचारलं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बोलताना कधी जीभ जड झाली का. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग हळूच त्यांना म्हणाली, "यांना जरा बाहेर बसवता का? यांच्यासमोर नको. यांना त्रास होतो."

दोनशे चोवीस. खाली एकशे तीस. तिथूनच अॅम्ब्युलन्स बोलावली. मी मागे तिच्या पायाशी बसलो होतो.

१९ मार्च

ती अतिदक्षता विभागात आहे. सलाईनमधून औषध देतायत, हळूहळू उतरवायचं म्हणे, एकदम उतरवलं तरी धोका. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की हे कालचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. हृदयाची भिंत जाड झालीय. मूत्रपिंडांवर परिणाम झालाय. डोळ्यांच्या मागे रक्त उतरलंय. मेंदूला एकदा तरी झटका येऊन गेला असावा, छोटा. अजून काही दिवस असेच गेले असते तर मोठा आला असता. मग विचारलं, "घरी कधी मोजलं नव्हतं का?"

मोजलं होतं. दोनदा. मी त्यांना हे सांगितलं नाही. वहीला सांगतो. मला भीती वाटतेय. आयुष्यात मी इतका घाबरलेलो नाही, आणि मी ड्रायव्हिंग शिकवतो.

हिचा फोन माझ्या खिशात आहे. तो सकाळपासून वाजायचा थांबलेला नाही. एका शिकाऊच्या वडिलांनी शिव्या घातल्या, की तुम्ही माझ्या पोराला माठ म्हणालात. मी म्हणालो होतो. दुसरी एक म्हणाली, "काकू नाहीत का? मला रडायचं होतं." नगरपालिकेचा माणूस डब्याबद्दल अजून रोज फोन करतो. चार वाजता ताईचा. हिला दवाखान्यात ठेवलंय म्हटलं, तर "अगंबाई," म्हणाली, आणि पुढची चाळीस मिनिटं स्वतःचे गुडघे, सून आणि शेजारीण. मी फोन कानापासून लांब धरून बसलो होतो. हे ही रोज ऐकते. एका हाताने भाजी ढवळत ऐकते, आणि मला म्हणते, ताई मजेत आहेत.

संध्याकाळी कन्या आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. आई नको म्हणाली होती." तिने नवऱ्याचं घर डिसेंबरातच सोडलंय. मैत्रिणीकडे राहत होती, शनिवार-रविवार आमच्याकडे. घटस्फोटाचे कागद गेलेत. का, ते तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. त्या माणसाला मी कष्टाळू म्हणत होतो.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला बीपी आहे ना."

गोळी घ्यायची राहिली. आज समोर आणून द्यायला कोणी नव्हतं.

२४ मार्च

परवा घरी आणलं. चार प्रकारच्या गोळ्या, मीठ बंद, दर दोन आठवड्यांनी तपासणी. एकशे चोपन्नवर आलीय. बोलणं स्वच्छ आहे, चालताना मात्र भिंत धरते.

आता सगळे नियम तिचे. कन्येने आणि मी ठरवलं, हिच्या कानावर काही म्हणजे काही जाऊ द्यायचं नाही. फोन मी घेतो. गॅलरीत जाऊन दार ओढून घेतो. जावई काल दारात उभा राहून आवाज चढवून गेला, ते तिला सांगितलं नाही. तीन शिकाऊ सोडून गेले, ते सांगितलं नाही. भात करपला तोही आम्ही खिडकी उघडून गुपचूप टाकून आलो. तिला सांगतो, सगळं मजेत चाललंय, तू पड.

ती पडून असते. छताकडे बघत. कोणी तिला काही विचारत नाही आणि ती कोणाला काही विचारत नाही. माझ्या मते आराम पडतोय.

२७ मार्च

आज दुपारी गॅलरीतून आत आलो. ती पलंगावर उठून बसली होती.

"कोणाचा फोन होता?"

"कोणाचा नाही. तू पड."

"जावई आला होता ना त्या दिवशी? मी ऐकलं. मला सांगितलं का नाही?"

"तुला कशाला उगाच."

तिने अंगावरची चादर बाजूला केली, घडी घातली, उशाशी ठेवली. मग म्हणाली, "उगाच काय? ती माझी मुलगी आहे. तीन महिने तिचं सगळं मी एकटीने पोटात ठेवलं, तुम्हाला झेपत नाही म्हणून. आता मला झेपत नाही असं तुम्ही ठरवणार? तुम्ही? साखरेचा डबा न सापडणारा माणूस?"

आणि तिचा आवाज चढला. आधी मला कळलंच नाही हा आवाज कोणाचा. मला वाटलं शेजारच्यांकडे काहीतरी झालं. ती उभी राहिली, भिंत न धरता. माझ्या दोनदा मोजण्यावर बोलली. दोन्ही वेळा तिने आकडा बघितला होता, तिला कळलं होतं, आणि ती वाट बघत होती, मी काही म्हणतो का. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा मी तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिला वाटलं आता विचारतील. आणि ती घाबरली, की विचारलं तर काळजीने यांचंच बीपी चढेल आणि यांचा परवाना जाईल. हे ती ओरडून सांगत होती. मला वाटलं होतं, ओरडून फक्त खोटं बोलतात.

कन्या धावत आली. "आई, बीपी, आई, बस खाली," म्हणत मशीन उचललं. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. हे बरोबर केलं की चूक, ते उद्या डॉक्टरांना विचारेन. हिला ओरडायला त्यांनी सांगितलेलं नाही. पण न ओरडता काय झालं ते मी बघितलंय.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे होते, सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायला. मी म्हटलं, आमची बायको बोलतेय, आणि दार लावून घेतलं.

परत आलो तर ती ताईवर आली होती, मग ताईच्या सासरवर, मग एका पावसाळी सहलीवर, जिथे मी तिला एकटीला स्टँडवर सोडून सिगारेट आणायला गेलो होतो. मला ती सहल आठवतसुद्धा नव्हती. तिला स्टँडवरच्या बाकाचा रंग आठवत होता. मी अजून उभाच होतो, हे मला कळलं नाही. जवळपास तासाभराने तिला श्वास लागला आणि ती थांबली. मी पाणी आणून दिलं. वाटलं झालं. मी पेला घ्यायला हात पुढे केला.

"बसा," ती म्हणाली. "लग्नाचं पहिलं वर्षच चाललंय अजून."

मी बसलो.